भंडाऱ्यात सणाला काय म्हणावं?

भंडारा जिल्ह्यात बदली होऊन आलेला शिक्षक, तलाठी किंवा बँकेचा साहेब पहिल्या वर्षी एका गोष्टीत हमखास गोंधळतो. ऑफिसचं काम त्याला येतं, धानखरेदीचा घोळही दोन-चार महिन्यांत समजतो. पण पोळा आला, दसरा आला, मंडई आली की कुणाला काय म्हणायचं, कुणाच्या हातात काय ठेवायचं आणि कुणाच्या पाया पडायचं, हे कुठल्याच परिपत्रकात लिहिलेलं नसतं. लग्न होऊन आलेल्या सुनेचंही तेच. तिचं चुकलं तर बोलणारे मात्र जास्त असतात. ही माहिती अशा नव्या माणसांसाठी आहे. जुन्यांना ती ठाऊकच आहे, त्यांनी वाचून कुठे राहिलं ते सांगावं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. ‘हार्दिक शुभेच्छा’ हे शब्द इथे चौकातल्या फ्लेक्सवर असतात, नेत्याच्या फोटोखाली आणि ‘शुभेच्छुक’ मंडळींच्या रांगेवर. घरी आलेला माणूस ते क्वचितच उच्चारतो. तो येतो, काहीतरी देतो किंवा घेतो, पाया पडतो, बसतो. सणाच्या शुभेच्छा म्हणजे एवढंच, आणि हे एवढंच प्रत्येक सणाला वेगळं आहे.

सुरुवात ‘जी’पासून

भंडारा, मोहाडी, तुमसर, लाखनी, साकोली, लाखांदूर आणि पवनी या सातही तालुक्यांत वाक्याच्या शेपटाला ‘जी’ ऐकू येतं. ‘या जी’, ‘बसा जी’, ‘कधी आले जी?’, ‘हो जी’. हिंदीत ते नावाला चिकटतं, इथे वाक्याला. सणाच्या दिवशी दारात उभं राहून नुसतं ‘राम राम जी’ म्हटलं तरी निम्मं काम झालं समजा. पुणेरी थाटात ‘काय, कसा झाला पोळा?’ असं विचारलंत तर कुणी रागावणार नाही. साहेब बाहेरचे आहेत एवढं मात्र पोराटोरांनाही कळेल.

इथली बोली झाडीबोली. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी तिचा अभ्यास केला, तिची चळवळ उभी केली, म्हणून ती गावंढळ मराठी नसून स्वतःचे नियम असलेली बोली आहे हे जिल्ह्याबाहेर पोचलं. तिच्यात पाणीचं ‘पानी’ होतं, डोळ्याचा ‘डोरा’. ‘तुम्हाला’ऐवजी ‘तुमाले’ आणि ‘जेवायला’ऐवजी ‘जेवाले’. आमंत्रण देताना ‘येजा’ म्हणतात: ‘मंडईले येजा जी.’ हे सगळं कानावर पडू द्या, पण पहिल्याच आठवड्यात नक्कल करू नका. ओढूनताणून बोललेली बोली चेष्टेसारखी ऐकू येते. ‘जी’ मात्र पहिल्या दिवसापासून चालतं.

पाया कुणी कुणाच्या पडायचं?

बाहेरचा माणूस सर्वांत जास्त इथे अडतो. वडीलधाऱ्यांच्या पाया पडायचं हे महाराष्ट्रभर सारखंच. पण पूर्व विदर्भातल्या अनेक घरांत मामा भाच्याच्या पाया पडतो, भाचा कितीही लहान असो. सासू-सासरे जावयाच्या पाया पडतात. पश्चिम महाराष्ट्रातून आलेला जावई पहिल्या दिवाळीला सासऱ्याला वाकताना पाहून दोन पावलं मागे सरतो, आणि मग छपरीत, म्हणजे ओसरीत, बसलेल्या सगळ्यांची करमणूक होते. अशा वेळी पाय ओढून घेऊ नका. हात जोडा, सासऱ्यांना उठवा, चहा येईलच.

सुनेने सासऱ्यांना ‘मामाजी’ म्हणायचं, हेही इथलंच. धाकट्या मुलांना म्हातारे लोक लाडाने ‘बापू’ म्हणतात. ‘सुखी राहा बापू’ असा आशीर्वाद मिळाला तर आपलं वय काढलं असं समजू नये.

पोळा: पहिलं आमंत्रण बैलांना

जिल्हा धानाचा. चिखलणीत बैलाने मान मोडून काम केलेलं असतं, त्यामुळे श्रावण अमावास्येचा पोळा हा इथला मोठा सण. आणि या सणात माणसांच्या आधी बैलांना बोलावणं जातं. आदल्या संध्याकाळी खांदशेकणी असते. जुवाखाली घासून टणक झालेल्या खांद्याला हळद आणि लोणी किंवा तूप चोळतात आणि बैलाला म्हणतात, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’ घरातला कर्ता माणूस हे बैलाच्या कानाशी अगदी गंभीरपणे म्हणतो. पाहुणे म्हणून तिथे असलात तर तुम्हीही थोडी हळद लावा. त्या घराला दिलेली यापेक्षा मोठी शुभेच्छा नाही.

दुसऱ्या दिवशी तलावावर किंवा नाल्यावर बैल धुतात, शिंगं रंगवतात, झुली चढवतात आणि दुपार कलली की सगळ्या जोड्या आखरावर, म्हणजे गुरं जमतात त्या मोकळ्या जागेवर, तोरणाखाली उभ्या राहतात. मग झडत्या सुरू होतात. एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी गलका करायचा; त्यात देव येतात, बैल येतात आणि सरकारला व सावकाराला टोमणेही येतात. झडती संपली की तोरण तुटतं, ‘पोळा फुटला’ असा ओरडा होतो आणि जोड्या घराघराकडे निघतात. घरची बाई बैलाचे पाय धुते, ओवाळते, पुरणपोळीचा घास देते. बैल घेऊन येणाऱ्याच्या हातात काही पैसे ठेवायचे, त्याला बोजारा म्हणतात. बोजारा किती द्यावा याला नियम नाही. हात रिकामा जाऊ नये, एवढाच नियम.

दुसरा दिवस पाडव्याचा. पहाटे दाराला खोचलेल्या पळसाच्या डहाळ्या काढून गावाबाहेर नेतात आणि ‘ईडा-पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत’ असं ओरडत जातात. नागपूरच्या काळ्या-पिवळ्या मारबतीची मिरवणूक टीव्हीवर दिसते; गावातला प्रकार साधा, पण हाक तीच. कुणी या पहाटे दारावरून ओरडत गेला तर दचकू नका. तो तुमच्याच घरातली रोगराई घेऊन चालला आहे.

त्याच दिवशी तान्हा पोळा. चाकं लावलेले लाकडी बैल ओढत मुलं दारोदार येतात. इथे शुभेच्छा म्हणजे बैलाचं कौतुक. ‘वा, झूल कुणी शिवली?’ असं विचारा, बैलाला टिळा लावा, बोजारा द्या. दहा-वीसच्या सुट्ट्या नोटा आधीच काढून ठेवा. संध्याकाळी सहाला दुकानदाराकडेही सुट्टे उरत नाहीत. गावोगाव ट्रॅक्टर आले, बैलजोड्या कमी झाल्या, मोठा पोळा रोडावला. तान्हा पोळा मात्र वाढतो आहे, कारण लाकडी बैलाला चारा लागत नाही.

भुजली आणि कान्होबा

राखीच्या दुसऱ्या दिवशी, विशेषतः मध्य प्रदेशाच्या सीमेकडच्या गावांत, भुजली असते. टोपलीत किंवा दोन्यात अंधारात उगवलेले गव्हाचे पिवळे कोवळे अंकुर वाजतगाजत तलावावर नेतात, मुळांची माती धुऊन काढतात आणि मग तेच अंकुर एकमेकांना देतात. लहान मोठ्यांना भुजली देऊन पाया पडतो, बरोबरीचे गळाभेट घेतात. मिळालेले अंकुर कानामागे खोचून फिरायचे. दुसरं काही म्हणावं लागत नाही.

गोकुळाष्टमीला घरोघर मातीचा कान्होबा बसतो. रात्री भजन, दुसऱ्या दिवशी विसर्जन. आमंत्रण जेवणाचं नसतं, ‘दर्शनाले या’ असं असतं. गेलात की आधी कान्होबाला हात जोडायचे, मग घरच्यांशी बोलायचं. हा क्रम मोडू नये.

दसऱ्याची एक संध्याकाळ, दोन अभिवादनं

दसऱ्याला सोनं देण्याची रीत सगळीकडे आहे, ‘सोनं घ्या, सोन्यासारखं राहा’ हे शब्दही सर्वांना पाठ. भंडाऱ्यात ती रात्री उशिरापर्यंत चालते. तरुण मुलांचे घोळके एका टोकाकडून सुरुवात करून आळीतलं प्रत्येक घर घेतात. म्हातारी माणसं छपरीत बसून राहतात आणि त्यांच्या मांडीवर पानांचा ढीग साचतो. भांडण झालेल्या घरीही या दिवशी पान घेऊन जाता येतं, हा या रीतीचा खरा फायदा. एक पान पुरतं. बाजारात आपट्याच्या फांद्याच्या फांद्या ओरबाडून आणतात आणि त्यात कांचनाचीही भर घालतात, ते पाहवत नाही.

मात्र त्याच दिवशी जिल्ह्यातल्या बौद्ध वस्त्यांत धम्मचक्र प्रवर्तन दिन असतो. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा दिली ती विजयादशमीच्या दिवशी, म्हणून विजयादशमीलाही दीक्षाभूमीवर गर्दी लोटते आणि भंडाऱ्याहून जाणारी वाहनं भरून जातात. भंडाऱ्याचं बाबासाहेबांशी थेट नातंही आहे: १९५४ साली त्यांनी इथूनच लोकसभेची पोटनिवडणूक लढवली होती. या घरी जाताना आपट्याचं पान पुढे करण्यापेक्षा ‘जय भीम’ म्हणावं. उत्तरही ‘जय भीम’ असंच येतं. लिहून पाठवायचं असेल तर ‘मंगलकामना’ हा शब्द रुळलेला आहे, बुद्धपौर्णिमेलाही तोच. दोन्ही प्रकारच्या घरी जाणं एका संध्याकाळी सहज जमतं, जमवावं.

दिवाळी आणि मंडई

दिवाळीचे फराळ-फटाके इतरांसारखेच. वेगळेपण सुरू होतं बलिप्रतिपदेला, गायगोधनाला. गाई रंगवतात, सजवतात, शेणाचं गोधन घालून त्याची पूजा करतात आणि त्यावरून गाई नेतात. गोवारी समाजाचे लोक ढाल घेऊन, बासरी आणि डफ वाजवत नाचतात. गाईच्या पायाखालून गेलेलं शेण कपाळाला लावून लोक एकमेकांना भेटतात. पांढरा शर्ट घालून गेलेल्या नव्या माणसाने कपाळ मागे घेऊ नये. शर्ट धुता येतो.

मग मंडई. दिवाळीच्या पाडव्या-भाऊबीजेपासून सुरू होऊन ती पुढे आठवडेच्या आठवडे चालते. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा, त्यामुळे आज या गावची, उद्या त्या गावची असं पंचक्रोशीत फिरता येतं. हलका धान निघालेला असतो, हातात थोडे पैसे असतात. दिवसा बाजार भरतो, ऊस आणि तलावातले शिंगाडे विकायला येतात, दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्यं होतात, शाहिरांची जुगलबंदी रंगते. रात्री नाटक. झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांचं केंद्र गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा, पण त्यांचे मंडप भंडाऱ्याच्या गावागावांत लागतात. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली.

मंडईला शुभेच्छा देत नाहीत, बोलावणं देतात. ‘येत्या गुरुवारी आमची मंडई हाये, मुक्कामाले येजा.’ यातला ‘मुक्काम’ महत्त्वाचा. सासरी गेलेल्या मुली येतात, व्याही येतात, आणि उपवर मुलं-मुली असलेल्या घरी तर या गर्दीत बरंच काही ठरून जातं. म्हणून मंडईचं बोलावणं आलं की ते आपल्याला घरातलं धरल्याची खूण समजावी. ‘बघतो, जमलं तर’ असं उत्तर देऊ नका. जमत नसेल तर सरळ सांगा आणि पुढच्या मंडईला त्यांना आपल्याकडे बोलवा. रिकाम्या हाताने जायचं नसतं. मुलांसाठी चिवडा, जिलेबी किंवा फळं पुरतात.

राम राम, जय सेवा, जय गुरू

सणाच्या दिवशी अभिवादन माणसाप्रमाणे बदलतं. गोंड घरांत ‘जय सेवा’ म्हणतात आणि ‘जय सेवा’नेच उत्तर देतात, माघ पौर्णिमेच्या सुमारास कचारगडच्या यात्रेला निघालेल्या गाड्यांवर हेच लिहिलेलं दिसेल. ते ठिकाण आज गोंदिया जिल्ह्यात आहे, १९९९पूर्वी भंडाऱ्यातच होतं. पोवार मंडळींच्या मेळाव्यात ‘जय राजा भोज’ ऐकू येईल. महानुभाव घरी ‘दंडवत प्रणाम’, तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या माणसाला ‘जय गुरू’. काय म्हणावं ते सुचलं नाही तर समोरचा म्हणेल तेच परत म्हणा. त्यात कुणाचं काही बिघडत नाही.

ईदला ‘ईद मुबारक’ आणि शिरखुर्मा, नाताळला ‘मेरी ख्रिसमस’. यात इथलं वेगळं काही नाही. संक्रांतीचा तिळगूळ आणि वाणही महाराष्ट्रासारखंच. शिमग्याला मात्र लक्ष ठेवा: साखरेच्या गाठी पश्चिम महाराष्ट्रात गुढीपाडव्याला दिसतात, विदर्भात त्या होळीला मुलांच्या गळ्यात घालतात. लहान मुलं असलेल्या घरी होळीला जाताना गाठी घेऊन गेलात की बाकी सगळं माफ.

सातासमुद्रापलीकडच्या ओळखींना

जिल्ह्यातली पोरं आता पुण्या-हैदराबादच्या कंपन्यांत आहेत आणि कुणाचे ग्राहक स्पेनमध्ये, कुणाचे मेक्सिकोत. डिसेंबर आला की ती विचारतात, त्यांना काय लिहायचं? हे आपल्या सणांच्या मानाने फार सोपं आहे. स्पॅनिशमध्ये नाताळसाठी ‘फेलिस नाविदाद’, नव्या वर्षासाठी ‘फेलिस आन्यो नुएवो’. समोरच्याचा धर्म माहीत नसेल किंवा दोन्ही एकदमच द्यायचं असेल तर ‘फेलिसेस फिएस्तास’, हे ऑफिसच्या ईमेलला सर्वांत योग्य. उत्तर आलं की ‘इग्वालमेंते’ लिहा, म्हणजे ‘तुम्हालाही’. सणाच्या कुठल्याही शुभेच्छेला ते चालतं. आपल्याकडे असं एकच उत्तर असतं तर हा लेख लिहावा लागला नसता.

दोन बारीक गोष्टी. आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’सारखा त्यांच्याकडे ‘तू’ आणि ‘उस्तेद’ हा भेद आहे. बरोबरीच्या सहकाऱ्याला ‘के पासेस’ म्हणून सुरुवात करतात, साहेबाला किंवा ज्येष्ठ ग्राहकाला ‘के पासे’. म्हणजे ‘जी’ तिथेही आहे, फक्त क्रियापदात लपलेलं. दुसरं, २५ डिसेंबर उलटला म्हणून संपलं असं नाही. स्पेनमध्ये ३१च्या मध्यरात्री घड्याळाच्या बारा ठोक्यांबरोबर बारा द्राक्षं खातात आणि ६ जानेवारीला तीन राजांचा सण करतात; मुलांच्या भेटवस्तूंचा पारंपरिक दिवस तोच. त्यामुळे आठवडाभर उशीर झाला तरी निमित्त शिल्लक असतं. २८ डिसेंबरला आलेल्या विचित्र बातमीवर मात्र विश्वास ठेवू नका. तो त्यांचा एप्रिल फूल.

जिथे काही म्हणायचं नाही

ज्या घरात वर्षाच्या आत माणूस गेलं आहे, तिथे ‘शुभ दिवाळी’ म्हणत जाऊ नये. जाऊ नये असं नाही, शुभेच्छा देऊ नये एवढंच. त्या घरी तेलणं तळलं जात नाही, म्हणून शेजारी फराळाचं ताट नेतात. जावं, बसावं, गेलेल्या माणसाची आठवण निघाली तर ऐकावी. बाहेरून आलेल्याला घराची बातमी नसते. सणाच्या आदल्या दिवशी ऑफिसातल्या शिपायाला किंवा शाळेतल्या मदतनीस बाईंना विचारून घ्या, त्यांना सगळ्या गावाचं माहीत असतं. धान बुडालेल्या वर्षी शेतकऱ्याला ‘समृद्धीची, भरभराटीची’ असलं काही म्हणू नये. अवकाळी पावसात कापलेल्या धानाचे कडपे भिजून कोंब फुटलेले असतात, त्या माणसाला भरभराटीची शुभेच्छा टोचते. ‘राम राम जी’ पुरे.

मोबाइलवरचं

समई आणि गुलाब एकत्र असलेलं तयार चित्र पाठवायला हरकत नाही, पण त्याला इथे कुणी भेट धरत नाही. गावातल्या गावात असून नुसता मेसेज टाकला, तर दुसऱ्या दिवशी चौकात ‘साहेब काई दिसले नाई जी दसऱ्याले’ असं ऐकावं लागतं. दूर गेलेल्यांना फोन करावा. बाकीच्यांकडे पायी जावं. सगळी घरं होणार नाहीत, ज्यांच्याशी रोजचं काम पडतं तेवढी करा.

आणि मंडईचं तेवढं लक्षात ठेवा. तुमच्या गावची मंडई कोणत्या दिवशी असते ते ग्रामपंचायतीत किंवा पानठेल्यावर आताच विचारून ठेवा आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीची रजा टाका. नाटक पहाटेपर्यंत चालतं, त्या दिवसांत थंडी पडलेली असते, तेव्हा स्वेटर आणि बसायला चटई घरून न्या.